निसर्गधर्म आणि देवक

घरापुरता एक धर्म असावा, त्याला ग्रंथ नसावा, पुजारी नसावा, आणि त्यातला नमस्कार झाडाला, नदीला, उन्हाला असावा, असे म्हणणारी माणसे आता भेटू लागली आहेत. अशा धर्माला मराठीत काय म्हणावे? 'निसर्गधर्म' हा शब्द चटकन सुचतो. जोडशब्द म्हणून तो नवा आहे, पण त्याचे दोन्ही घटक फार जुने आहेत. मौज अशी की त्या दोन घटकांचे मूळ अर्थ एकमेकांच्या उलट दिशेने जातात.

'निसर्ग' हा नि + सृज्. सृज् म्हणजे सोडणे, मोकळे करणे, त्यावरून निर्माण करणे. सृष्टी, सर्ग, उत्सर्ग, विसर्जन ही सगळी याच धातूची लेकरे. संस्कृतात निसर्ग म्हणजे मुख्यतः स्वभाव, किंवा देऊन टाकणे. डोंगर, नद्या, झाडे, पशुपक्षी यांना मिळून निसर्ग म्हणण्याची सवय मराठीला इंग्रजी अमदानीत लागली असावी. त्या जागी 'प्रकृती' सहज बसली असती, पण मराठीने तिला तब्येतीच्या चौकशीत गुंतवून टाकले. अरबीतून आलेल्या 'कुदरत' शब्दाच्या मुळाशी सामर्थ्य आहे, सोडणे नाही.

'धर्म' मात्र धृ धातूचा, म्हणजे धरण्याचा. ऋग्वेदात त्याचे रूप 'धर्मन्' असे नपुंसकलिंगी आहे आणि अर्थ आधार, टेकू, नियम असा दिसतो. धरणी, धरित्री, धारणा, धरण ही त्याची सख्खी भावंडे. इराणी शाखेत हाच धातू 'दर' झाला, आणि फारसीतून तो 'दार' या रूपाने आपल्याकडे आला. वतनदार, जमीनदार, ठाणेदार यांतला 'दार' म्हणजे धरणारा. धर्म आणि वतनदार यांचे रक्त एक आहे, हे ऐकायला नवल वाटते खरे, पण ध्वनिनियम तसेच सांगतात.

या दोन धातूंची गाठ खानदेशातल्या मुक्ताईनगरच्या परिसरात दर पावसाळ्यात पडते. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे आणि संगमाच्या खालच्या अंगाला हतनूर धरण. पाऊस वाढला की वर्तमानपत्रांत हतनूरच्या ४१ दरवाज्यांतून होणाऱ्या विसर्गाची बातमी येते. धरण धृचे, विसर्ग सृज्चा. 'निसर्गधर्म' या शब्दातही हीच जोडी आहे: सोडणे आणि धरणे. घराण्याच्या जुन्या धर्मात हे दोन्ही कसे सांभाळले होते, ते पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट ही की निसर्ग नावाच्या सरसकट वस्तूची पूजा खानदेशात कोणी करत नसे. पूजा वडाची, नागाची, बैलाची, ठरावीक पाण्याची. चोपडा तालुक्यात अडावदजवळ गरम पाण्याचा झरा आहे, त्याचे नाव उनपदेव. यातले 'उन' म्हणजे उष्ण, जसे आपले ऊन. पुढच्या 'प'मध्ये संस्कृत 'अप्' म्हणजे पाणी लपलेले असावे. तसे असेल तर ऊन पाणी हाच तिथला देव. तापीच्या नावात ताप आहेच. पूर्णेशी जुळवल्या जाणाऱ्या 'पयोष्णी' या पुराणप्रसिद्ध नावातही 'उष्ण' आहे. उन्हाने भाजून निघणाऱ्या या मुलखाने आपल्या नद्यांची नावे अंगावरच्या अनुभवावरून ठेवलेली दिसतात.

आता 'कुळधर्म'. 'कुल' एकटे ऋग्वेदात भेटत नाही. तिथे 'कुलपा' म्हणजे घराचा, घोळक्याचा रक्षक भेटतो. काहींना या शब्दाचे मूळ द्राविडी वाटते. मराठीत मात्र कुळाला दोन फांद्या फुटल्या. एक रक्ताची: कुळदैवत, कुळाचार, कुलीन. दुसरी जमिनीची: सारा भरणारे, जमीन कसणारे ते कूळ, त्यांचा हिशेब ठेवणारा तो कुळकर्णी, आणि त्यांच्यासाठी झाला तो १९४८चा कूळकायदा. रक्ताचे कूळ आणि कसणारे कूळ यांना भाषेने एकाच शब्दात ठेवले, कारण एका घराण्याची माणसे आणि एका तुकड्यावर राबणारी माणसे बहुधा तीच असत. त्यामुळे कुळधर्म हा मातीपासून सुटा कधी नव्हताच. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कुलधर्मांबद्दल बोलतो तेव्हा अनेकवचन वापरतो, हेही ध्यानात घेण्याजोगे. एका कुळाचे धर्म अनेक, आणि प्रत्येक कुळाचे निराळे.

या अनेक धर्मांतला झाडाला सर्वांत जवळचा म्हणजे देवक. देव + क हे उघड आहे. कोडे आहे ते 'क'चे. पाणिनीने 'प्रतिमा' या अर्थी कन् प्रत्यय सांगितला आहे. अश्वक म्हणजे घोड्याची प्रतिमा. त्या न्यायाने देवक म्हणजे देवाची प्रतिमा ठरेल. पण पाणिनीच लगेच पुढे सांगतो, की उपजीविकेसाठी ठेवलेल्या आणि विकाऊ नसलेल्या मूर्तींच्या नावांत हा प्रत्यय गळतो. त्यावर पतंजलीने मौर्यांचा दाखला दिला आहे: सोन्याच्या हव्यासाने त्यांनी देवमूर्ती घडवल्या. आपले देवक कधी विकाऊ नव्हते. म्हणून हा 'क' बाजारातल्या प्रतिमेचा नसून बालक, पुत्रक यांतला लहानपणाचा आणि मायेचा असावा, असे मला वाटते. देवक म्हणजे घरचा लहानसा देव. मौर्यांचा विषय निघालाच आहे, तर परंपरा त्यांचे नाव मोराशी जोडते, आणि आपल्याकडे मोरे घराण्याचे देवक मोराचे पीस सांगतात.

कोणाचे देवक कळंब, कोणाचे उंबर, कोणाचे पंचपल्लव. देवकाचे झाड तोडायचे नाही, त्याचे सरपण करायचे नाही, लग्नात त्याची डहाळी आणून पुजायची, आणि ज्यांचे देवक एक त्यांच्यात सोयरीक करायची नाही. पाश्चात्त्य अभ्यासक याला 'टोटेम' म्हणतात. हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांचा; जॉन लाँगच्या १७९१च्या प्रवासवर्णनातून तो इंग्रजीत शिरला आणि त्याचा मूळ अर्थ नातेगोत्याचा दिसतो. आपल्या शब्दात देव पुढे आहे, त्यांच्या शब्दात नाते. रीत मात्र दोन्हीकडे जवळपास सारखी.

एखादे घराणे असा धर्म सुरू कसे करते, याची सर्वांत सुंदर नोंद दगडावर आहे. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात तालगुंदा येथे पाचव्या शतकातला कदंबांचा शिलालेख आहे. घराजवळ एक कदंबाचे झाड होते, त्याची त्या कुळाने निगा राखली, आणि त्यावरून कुळाला कदंब हे नाव मिळाले, असे तो सांगतो. हा कदंब प्राकृतात कलंब झाला, मराठीत कळंब. कदम या आडनावाचे नातेही इथेच जोडले जाते. यात साक्षात्कार नाही, आकाशवाणी नाही. आधी निगा, मग नाव.

तीच फांदी सातपुड्यातही भेटते. पावरा आणि भिल्ल समाजात घराचा नवस फेडताना इंदल मांडतात, तेव्हा कळमाच्या फांद्या आणून रोवतात. इंदलमध्ये इंद्र असावा, आणि कळम हे कळंबाचेच रूप. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कदंब आणि कळम ही निराळी झाडे आहेत. भाषेने त्यांना एका नावाखाली आणले.

लग्नातल्या मुहूर्तमेढीचे मूळ असेच शेतात सापडते. मेढ म्हणजे संस्कृत 'मेथि' किंवा 'मेधि': मळणीच्या खळ्यात मधोमध रोवलेला, बैल बांधण्याचा खांब. आज मांडवाच्या आधी आपण जी मेढ रोवतो, ती खळ्यातून उठून दारात आलेली असावी. पंचपल्लवांतला 'पल्लव' म्हणजे कोवळे पान. त्याचेच पुढे पाला आणि पालवी.

खानदेशातला सर्वांत घरगुती धर्म मात्र कानबाईचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. देवी म्हणजे नारळ, त्यालाच नथ, त्यालाच साज. 'कानबाई' हे नाव कोणी 'कण' म्हणजे दाण्यावरून लावू पाहील. तर्क गोड आहे, पण टिकत नाही: मराठीत कण हा कणच राहतो, जसे कणीस, कणीक. उलट कृष्ण, कण्ह, कान्ह ही चाल नियमित आहे, म्हणून लोक तिचे नाते कान्ह्याशी आणि खानदेशाला 'कान्हदेश' म्हणण्याशी जोडतात ते ध्वनिदृष्ट्या तरी शक्य दिसते. या सणाचा प्राण म्हणजे रोट. घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजून घेतात, दळतात, त्याचा स्वयंपाक होतो आणि तो भाऊबंदांनीच खायचा असतो. 'रोट' संस्कृतात उशिरा आलेला. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात 'रोटिका' भेटते, मूळ देशीच असावे. वऱ्हाडातला रोडगा त्याचा चुलतभाऊ. दुसऱ्या दिवशी कानबाईचे नदीवर विसर्जन. मोजून धरायचे आणि मग सोडायचे: धृ आणि सृज् पुन्हा एकत्र.

गावाचे नावही हीच वाट चालले आहे. मुक्ताईनगरचे आधीचे नाव एदलाबाद, म्हणजे आदिलाबाद. खानदेशच्या फारुकी घराण्यात आदिलखान नावाचे सुलतान होऊन गेले; त्यांपैकी कोणाच्या नावावरून ते पडले असावे. 'आबाद'मध्ये पुष्कळांना 'आब' म्हणजे पाणी दिसते, पण जाणकार तिथे आ + पा, म्हणजे राखणे, पाहतात. संस्कृत पाल, गोप यांतला तोच 'पा'. मुक्ताईत मुच् आहे, सुटणे. ज्ञानेश्वरांची बहीण मुक्ताई इथल्या तापीकाठी मेहूणला १२९७मध्ये विजेच्या कडकडाटात गुप्त झाली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. राखलेल्या गावाला सुटलेल्या बहिणीचे नाव मिळाले.

मग घरापुरता नवा धर्म काढता येतो का? अकबराने १५८२च्या सुमारास काढून पाहिला. लोक त्याला दीन-ए-इलाही म्हणून ओळखतात. 'दीन' शब्दात अरबी प्रवाहाबरोबर इराणी 'दएना'ही मिसळलेला असावा. त्यात पाहण्याचा धातू आहे, आपल्या 'धी'चा नातलग. १६०१मध्ये त्याच अकबराने असीरगड घेतला आणि मुलगा दानियालच्या नावाने खानदेशचा 'दानदेश' केला. ते नाव टिकले नाही आणि तो पंथही त्याच्यामागे उरला नाही. साम्राज्याच्या बळावर घराचा धर्म उभा राहत नाही.

जोतीराव फुल्यांचा मार्ग निराळा. १८९१मध्ये त्यांच्या पश्चात निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी अशा घराची कल्पना केली आहे, जिथे नवरा, बायको, मुलगा, मुलगी आपापल्या मनाने निरनिराळे धर्म स्वीकारतात आणि तरी प्रेमाने एकत्र नांदतात. सृष्टी करणाऱ्याला त्यांनी दिलेले नाव 'निर्मीक'. त्यात 'मा' म्हणजे मोजणे, मापणे. रोटाचे गहू मोजणाऱ्या हातांना हा शब्द परका वाटू नये.

माझा निर्णय असा: निसर्गधर्म हा शब्द चांगला आहे, पण एकटा तो फार मोठा आणि म्हणून पोकळ राहतो, त्याला देवकाची जोड हवी. ज्यांना घरचा असा धर्म हवा आहे त्यांनी आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, आपले देवक कोणते, आणि ते लिहून ठेवावे. माहीत नसेल तर जवळचे एक झाड नाव घेऊन निवडावे, त्याची निगा राखावी, त्याला धक्का लावणार नाही एवढा एकच नियम धरावा. धान्य मोजायचे असेल तर घरातल्या मुलींच्या नावानेही मोजावे. मात्र देवक एक म्हणून सोयरीक नाकारण्याचे आता कारण नाही. कुळधर्मातला तेवढा भाग खुशाल सोडून द्यावा.