तिकिटाच्या रात्री : बडोद्याचे मराठी श्रोते आणि त्यांचे गाणे

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात नाटकांच्या आणि मैफलींच्या रात्रींवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. ग्रंथालय ही शांततेची जागा. नाटकगृह ही टाळ्यांची आणि वन्समोअरची. परंतु आपल्या कपाटांतून संगीत नाटकाचे एखादे जुने पुस्तक काढून पाहावे. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात राग, ताल आणि चाल यांची नोंद छापलेली दिसेल. आज बहुतेक वाचक ती ओळ ओलांडून पुढे जातात. ज्या काळी ही पुस्तके नवी होती, त्या काळी ती विकत घेणारा कारकून किंवा शाळामास्तर त्या ओळीवर थांबत असे, कारण तो राग त्याने आदल्या रात्री नाटकगृहात ऐकलेला असे. दरबारचा मानकरी नसलेल्या, कोणत्याही उस्तादाचा गंडा न बांधलेल्या या माणसाला रागाची ओळख कशी झाली, हा बडोद्याच्या सांस्कृतिक इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

दरबारचे गाणे

बडोद्यात गाण्याची वाण कधीच नव्हती. गायकवाडांच्या दरबारात कलावंतांसाठी एक स्वतंत्र खाते होते व ते ‘कलावंत कारखाना’ या नावाने ओळखले जाई. गवई, बीनकार, तबलजी, नर्तकी, शहनाईवाले असे नाना प्रकारचे कलावंत त्याच्या पटावर असत. १८८० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या राजघराण्यातील कन्येशी झाला. त्या महाराणी पहिल्या चिमणाबाई. त्यांच्यासमवेत तंजावरच्या नर्तकी व त्यांचे साथीदार बडोद्यास आले आणि दक्षिणेचे नृत्य गुजरातेत रुजले. पुढे किराणा घराण्याचे प्रवर्तक म्हणून गाजलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ हेही तरुणपणी याच दरबारी होते.

हे सारे वैभव खरे. पण ते ऐकावयास मिळे कोणाला? दरबारची मैफल ही निमंत्रितांची मैफल. कोणी कोठे बसावे हे मानापानाने ठरलेले, आणि दाद केव्हा द्यावी हे महाराजांच्या मुद्रेवरून. शहरातील सामान्य माणसाच्या वाट्याला देवळातील कीर्तन, लग्नाच्या वरातीतील सनई आणि राजवाड्यावरून कानी येणारा चौघडा एवढेच संगीत येई.

या स्थितीत पहिला बदल १८८६ साली झाला. त्या वर्षी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रोफेसर मौलाबक्ष यांनी बडोद्यात गायनशाळा सुरू केली. मौलाबक्ष हे स्वतःची स्वरलिपी तयार करणारे विद्वान गवई होते. गुरूच्या घरी पाणी भरल्यावाचून विद्या मिळत नाही, अशी समजूत असलेल्या काळात ठरावीक वेळी वर्गात बसून गाणे शिकता येते, हा विचारच नवा होता. ही संस्था आज महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या ललितकला शिक्षणाचा भाग आहे. तथापि शाळा गाणारे घडवते. ऐकणारे घडवण्याचे काम दुसरीकडे चालू झाले होते.

नाटकगृहाचे दार

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. विष्णुदास भाव्यांच्या परंपरेतील नाटकांत पदे मुख्यतः सूत्रधार म्हणे. किर्लोस्करांनी पात्रांनाच गावयास लावले. त्यामुळे नटाला गवई असणे भाग पडले. दोनच वर्षांनी या मंडळीस जो आवाज लाभला, तो बडोद्याचा होता. भाऊराव कोल्हटकर १८८२ साली किर्लोस्करांच्या मंडळीत दाखल झाले आणि ‘भावड्या’च्या शकुंतलेने व सुभद्रेने महाराष्ट्र वेडावून गेला. १९०१ साली त्यांचे निधन झाले, तोवर संगीत नाटक हे मराठी माणसाचे व्यसन होऊन बसले होते.

बडोदे संस्थानाने रंगभूमीला दिलेले दुसरे रत्न म्हणजे गायनाचार्य भास्करबुवा बखले. त्यांचा जन्म १८६९ साली संस्थानातील कठोर या गावचा. बालवयात नाटक मंडळीत उमेदवारी करून पुढे आवाज फुटल्यावर त्यांनी नाटक सोडले, बडोद्यास फैजमहंमद खाँ यांच्याकडे आणि नंतर नत्थन खाँ व अल्लादिया खाँ यांच्याकडे तालीम घेतली. असा तीन परंपरांचे गाणे पचवलेला गवई १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली देण्यास बसला, तेव्हा भूप, यमन, बिहाग हे राग आपल्या भारदस्तपणासह नाटकगृहात आले. बालगंधर्वांच्या गळ्यातून ते उमटले आणि तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाच्या कानावर पडले.

येथे तिकिटाचे महत्त्व ध्यानी घेतले पाहिजे. नाटकगृहाच्या दाराशी कोणी कुळ विचारीत नसे, पैसे विचारीत. अर्थात याला समता म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. खुर्चीचा दर निराळा, पिटाचा निराळा. स्त्रियांची बसण्याची सोय वेगळी. आणि ज्यांच्यापाशी पिटापुरतेही पैसे नसत, ते दाराबाहेरच राहत. तरीही दरबारच्या मैफलीत ज्याला पायरीवरही उभे राहता आले नसते, तो मनुष्य येथे चार आण्यांचा का होईना, हक्काचा श्रोता होता. पद आवडले तर वन्समोअर मागण्याचा आणि न आवडले तर गप्प राहण्याचा त्याचा अधिकार राजालाही काढून घेता येत नव्हता. हा अधिकार वापरता वापरता त्याला आवडीनिवडी आल्या, आणि आवडीनिवडींतून जाण आली.

ही जाण येण्यास आणखी एक गोष्ट कारणीभूत झाली. ती म्हणजे वेळ. नाटक रात्री जेवणखाण आटोपल्यावर सुरू होई. नांदीपासून भरतवाक्यापर्यंत पाच अंक, पदांची संख्या मोठी आणि त्यांत वन्समोअरची भर. प्रेक्षक घरी परतत तेव्हा मध्यरात्र केव्हाच उलटून गेलेली असे. एकच पद एका रात्रीत तीनदा, चारदा ऐकले जाई आणि प्रत्येक वेळी गाणारा त्यात नवी जागा घेई. पहिल्या वेळी शब्द कळत, दुसऱ्या वेळी चाल कळे, तिसऱ्या वेळी गवयाने चालीचे काय केले ते कळे. कोणत्याही वर्गात यापेक्षा चांगला पाठ मिळाला नसता. गंधर्व मंडळीत तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे वादक होते. दरबारी बैठकीत शोभावी अशी साथ पिटातला श्रोता ऐकत होता.

२० फेब्रुवारी १९१९

बडोद्याच्या नाट्येतिहासात एक रात्र सर्वांहून निराळी आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने प्रथम सादर केले ते बडोद्यास, २० फेब्रुवारी १९१९ रोजी. गडकरी २३ जानेवारीस सावनेर येथे निवर्तले होते. नाटककाराला जाऊन महिनाही झालेला नव्हता. पदे लिहावयाची राहिली होती; ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली, आणि चालींसाठी सुंदराबाई जाधव यांच्या संग्रहातील ठुमरी, गझल, दादऱ्यांचा आधार घेण्यात आला.

ज्या बालगंधर्वांचे शालू आणि दागिने पाहावयास लोक गर्दी करीत, त्यांनी या नाटकात दारुड्या नवऱ्यापायी देशोधडीस लागलेल्या सिंधूची भूमिका केली व फाटके लुगडे नेसून रंगमंचावर पाऊल टाकले. सुधाकर होते गणपतराव बोडस. श्रोत्यांच्या दृष्टीने हा प्रयोग एक कसोटीच होता. ‘स्वयंवरा’त राग आपल्या पूर्ण ऐश्वर्यात येत होते, येथे गाणे दुःखाच्या पोटातून येत होते व ताना-पलट्यांना मर्यादा होती. गाणे केवळ करामत नव्हे, ते प्रसंगाचे असते, ही समज असल्यावाचून असे नाटक उचलून धरले जाणे शक्य नव्हते. ‘एकच प्याला’ मराठी रंगभूमीवर पिढ्यान्पिढ्या टिकले. त्याची पहिली दाद महाराष्ट्राबाहेरच्या या शहराने दिली, ही गोष्ट येथील मराठी समाजाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

परिषद आणि मैफल

यापूर्वी तीन वर्षे, मार्च १९१६ मध्ये, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने आणि सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यास भरली होती. श्रुती किती आणि कोणत्या, रागांची स्वरूपे कोणती प्रमाण मानावीत, यांवर तेथे विद्वानांत आणि उस्तादांत खल झाला. शास्त्राची चर्चा जाहीर सभेत होऊ शकते, हे या परिषदेने दाखवून दिले.

दरबारचे गवई आणि शहरातील श्रोते यांतील अंतरही पुढे कमी होत गेले. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ हे बडोद्याचे राजगवई. पण त्यांचे गाणे राजवाड्यापुरते राहिले नाही. परिषदा, जाहीर मैफली, ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी यांनी ते देशभर पोचवले. नोमतोमच्या आलापीने सुरुवात करून ख्याल, मग ठुमरी-दादरा आणि अखेर भैरवी असा त्यांच्या मैफलीचा प्रवास असे. ५ नोव्हेंबर १९५० रोजी बडोद्यासच त्यांचा अंत झाला. त्यांची कबर याच शहरात आहे. २००२ च्या दंगलीत तिची नासधूस झाली. बडोद्याच्या संगीतप्रेमाचे गोडवे गाताना ही गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची कथाही याच शहरात सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या दोघांनी बडोदे सोडले. त्यांच्या कन्या हिराबाई यांचा जन्म १९०५ साली मिरजेचा. तरी त्यांनी नाव लावले ते ‘बडोदेकर’. कुलीन स्त्रीने लोकांसमोर बसून गाऊ नये, असे मानणाऱ्या काळात तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या गायिकांत त्यांची गणना होते. तिकिटाने पूर्वी सामान्य श्रोत्याला आत घेतले होते. हिराबाईंच्या बाबतीत त्याच तिकिटाने गाणाऱ्या स्त्रीला प्रतिष्ठेचे व्यासपीठ दिले.

आखडलेली रात्र

१९३१ साली बोलपट आला आणि गाणे स्वस्त दरात, दिवसातून अनेक खेळांत मिळू लागले. कर्जांनी वाकलेल्या नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. १९३५ साली खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’ चित्रपटात पडद्यावर दिसले. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व राजाश्रय संपला; १९६० साली शहर गुजरात राज्यात आले. नाटक पाच अंकांवरून तीन अंकांवर आणि मग दोन अंकांवर उतरले. सकाळची नोकरी गाठणाऱ्या माणसाला ते सोयीचेही होते.

मैफलीचे मात्र तसे नव्हते. रागसंगीताची घडणच प्रहरांवर झालेली आहे. संध्याकाळी यमन, रात्र चढू लागली की बिहाग, बागेश्री, मध्यरात्री मालकंस आणि दरबारी, उत्तररात्री सोहनी, पहाटे ललित आणि शेवटी भैरवी, हा क्रम रात्रभर बसल्यावाचून पुरा होत नाही. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही या बंधनावर शिक्कामोर्तब केले. आजाऱ्यांचा, मुलांचा आणि झोपेची गरज असलेल्या शेजाऱ्यांचा विचार करता या नियमाला नावे ठेवता येणार नाहीत. सणांच्या थोड्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्य सरकारांना आहे. आपल्या शहरात तिचा लाभ मुख्यतः नवरात्रातील गरब्याला होतो, आणि ते योग्यच आहे. पण परिणाम असा झाला की मोकळ्या मांडवातील रात्रभराच्या बैठका सरल्या. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या, पहाटेपर्यंत चालणाऱ्या उत्सवालाही आपले वेळापत्रक बदलावे लागले. उत्तररात्रीच्या रागांची प्रत्यक्ष मैफल आजच्या तरुण श्रोत्याच्या वाट्याला क्वचितच येते. ध्वनिमुद्रणे हवी तितकी उपलब्ध आहेत; परंतु शेकडो माणसांसमवेत पहाटे चार वाजता ललिताचा पहिला स्वर लागताना ऐकणे ही गोष्ट ध्वनिमुद्रणात नसते.

नियम बंदिस्त सभागृहांना मात्र रात्रीची मोकळीक देतो. म्हणजे अडचण कायद्यापेक्षा आपल्या सवयींची अधिक आहे. वर्षातून एक रात्र, कोजागरीची म्हणा, बंद सभागृहात संध्याकाळच्या यमनापासून पहाटेच्या भैरवीपर्यंत बैठक करणे एखाद्या संस्थेने मनावर घेतले तर अशक्य नाही. ‘कोण जागे आहे?’ असे विचारणारा सण आपल्या पंचांगात आहेच. त्या प्रश्नाला उत्तर देण्यास दुधाच्या पेल्याहून अधिक काही असावे, इतकेच.

ग्रंथालयाचे आणि तिकिटाच्या रात्रींचे नाते येथे स्पष्ट होते. वर्गणी भरणारा सभासद आणि तिकीट काढणारा श्रोता हे दोघे एकाच काळाची अपत्ये आहेत. जे ज्ञान वाड्यांत आणि दरबारांत होते, ते मोजक्या पैशांत आपल्या हक्काने मागणारी ही माणसे. पुष्कळदा ती एकच माणसे होती: संध्याकाळी पुस्तक बदलून नेणारी आणि रात्री पिटात जाऊन बसणारी. त्यांच्या रात्रींतून उरले ते आपल्या कपाटांत आहे. ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ यांची पुस्तके पुढच्या वेळी हाती येतील तेव्हा पदांवरील त्या बारीक ओळींवर वाचकांनी क्षणभर थांबावे. तेथे रागाचे नाव दिलेले आहे. तो राग कोठे ऐकावयास मिळेल, हे शोधण्यास घराबाहेर पडावे लागेल.