राष्ट्रपती आणि मंत्रिमंडळाचा सल्ला

भारतीय राज्यघटनेचे ५३ वे कलम एकटेच वाचले, तर संघराज्याची सर्व कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या हाती आहे असा समज होतो. सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य त्यांच्याकडे आहे. पंतप्रधानांची नेमणूक तेच करतात. विधेयकांना संमती, वटहुकूम, आणीबाणीची उद्घोषणा ही सर्व कृत्ये त्यांच्या नावाने होतात. तथापि ७४ व्या कलमाने त्यांना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळाची योजना केली आहे, आणि ७५ व्या कलमाने ते मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार धरले आहे. हा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे की नाही, याविषयी मूळ घटनेत एकही स्पष्ट शब्द नव्हता. या मौनाचा अर्थ लावण्यात पहिली सुमारे तीन दशके गेली. त्या वादाचा इतिहास पाहता असे दिसते की, विद्वानांनी व न्यायालयांनी ज्या बाजूने धोका कल्पिला होता, त्या बाजूने तो आलाच नाही.

घटनाकारांचा हेतू संदिग्ध नव्हता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटनासमितीपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी राष्ट्रपतींचे स्थान इंग्लंडच्या राजासारखे असल्याचे सांगितले. अमेरिकेच्या अध्यक्षाशी त्यांचे साम्य केवळ नावापुरते आहे, ते राज्याचे प्रमुख आहेत, कार्यकारी शासनाचे नव्हेत, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. मंत्र्यांच्या सल्ल्याने वागण्याविषयी राष्ट्रपतींसाठी सूचनांचे एक परिशिष्ट जोडावे असाही विचार झाला होता. पण अखेर तो सोडून देण्यात आला. संसदीय पद्धतीचे संकेत पुरेसे आहेत, ते अक्षरबद्ध करण्याची जरुरी नाही, अशी तेव्हाची धारणा होती. सल्ल्याचे बंधन घटनेत नेमके कोठे आहे, अशी पृच्छा घटनासमितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्या चर्चांतच केली होती, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे राष्ट्रपतिपदी आल्यावर तोच प्रश्न त्यांच्यापुढे प्रत्यक्ष उभा राहिला. हिंदू संहिता विधेयकास त्यांचा विरोध होता. हंगामी संसदेस असा मूलगामी बदल करण्याचा नैतिक अधिकार नाही, असे त्यांचे मत होते. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून या विधेयकाबाबत स्वतःच्या विवेकानुसार निर्णय घेण्याचा मानस कळविला. नेहरूंनी महान्यायवादी मो. चि. सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे अभिप्राय मागविले. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, असेच दोघांनीही सांगितले. ते विधेयक त्या संसदेत बारगळल्यामुळे संघर्ष विकोपास गेला नाही. १९५५ व १९५६ मध्ये हाच विषय निरनिराळ्या कायद्यांच्या रूपाने संसदेने संमत केला, तेव्हा राजेंद्रप्रसादांनी त्यांस संमती दिली. मतभेद कायम राहिला, पण संकेत मोडला नाही.

त्यांचे समाधान मात्र झाले नव्हते. २८ नोव्हेंबर १९६० रोजी दिल्लीत भारतीय विधी संस्थेच्या इमारतीच्या पायाभरणीप्रसंगी त्यांनी हा प्रश्न विद्वानांपुढे जाहीरपणे ठेवला. राष्ट्रपतींचे अधिकार इंग्लंडच्या राजाच्या अधिकारांशी कितपत जुळतात, याचा शास्त्रीय अभ्यास व्हावा अशी त्यांची सूचना होती. निवडणुकीने पदावर येणारा, घटनेच्या रक्षणाची शपथ घेणारा आणि महाभियोगास पात्र असणारा राष्ट्रपती वंशपरंपरागत राजासारखा कसा मानावा, ही शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

न्यायालयांचा कौल मात्र पहिल्यापासून एकाच दिशेने होता. १९५५ मध्ये राम जवाया कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रपती हे औपचारिक प्रमुख असून खरी कार्यकारी सत्ता मंत्रिमंडळाकडे आहे असे म्हटले. १९७४ मध्ये समशेर सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने हाच सिद्धांत निःसंदिग्धपणे मांडला. राष्ट्रपतींनी मंत्र्यांना डावलून सत्ता चालवावी ही शक्यता अशा रीतीने मिटली. परंतु राष्ट्रपतींपुढे येणारा सल्ला खरोखर मंत्रिमंडळाचा आहे की नाही, हे कोणी पाहावे, हा दुसरा प्रश्न तसाच राहिला.

तो अवघ्या दहा महिन्यांत समोर आला. २५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या पत्रावरून राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांनी अंतर्गत अशांततेच्या कारणास्तव आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक तत्पूर्वी झाली नव्हती. शासकीय कामकाजाच्या १९६१ च्या नियमांतील १२ व्या नियमाने पंतप्रधानांना नेहमीची रीत बाजूस ठेवण्याची जी मुभा होती, तिचा आधार पत्रात घेतला होता. मंत्र्यांना निर्णय कळला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. राष्ट्रपतींनी सल्ला नाकारावा की नाही, यावर पंचवीस वर्षे वाद झाला होता. येथे मंत्रिमंडळाचा सल्लाच नव्हता, आणि तरीही सही झाली.

त्यानंतरच्या दोन घटनादुरुस्त्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राष्ट्रपतींनी सल्ल्यानुसारच वागले पाहिजे असे ७४ व्या कलमात लिहिले. तीस वर्षांपूर्वीचा हेतू अक्षरबद्ध झाला खरा, परंतु तो आणीबाणीच्या काळात, जेव्हा उणीव वेगळ्याच ठिकाणी होती. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ती उणीव ओळखली. तिने राष्ट्रपतींना सल्ला एकवार फेरविचारासाठी परत पाठविण्याचा अधिकार दिला; फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र बंधनकारक ठेवला. शिवाय आणीबाणीची उद्घोषणा करण्यापूर्वी पंतप्रधान व कॅबिनेट दर्जाचे मंत्री यांचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळविला गेला पाहिजे, अशी अट ३५२ व्या कलमात घातली. ‘अंतर्गत अशांतता’ या मोघम कारणाच्या जागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले.

फेरविचाराचा हा अधिकार दिसावयास किरकोळ आहे, पण त्याचा उपयोग झालेला आहे. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू करण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये परत पाठविली, तेव्हा मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. सप्टेंबर १९९८ मध्ये बिहारविषयीची शिफारसही त्यांनी परत केली. फेब्रुवारी १९९९ मध्ये शिफारस पुन्हा आली, तेव्हा त्यांनी सही केली. पण राज्यसभेत बहुमत मिळण्याची आशा नसल्यामुळे ती राजवट मार्चमध्येच मागे घ्यावी लागली.

सारांश, भारताच्या राष्ट्रपतींचे सामर्थ्य नकार देण्यात नाही. सल्ला खरोखर मंत्रिमंडळाचा आहे काय हे विचारण्यात, तो लेखी मागण्यात आणि एकदा पुन्हा विचार करण्यास सांगण्यात ते आहे. राजेंद्रप्रसादांना आपल्या पदाच्या मर्यादांची चिंता होती. १९७५ ने दाखविले ते असे की, त्या पदाने आपल्या मर्यादा निमूटपणे पाळल्या, तरी विचारावयाचा प्रश्न न विचारल्यामुळे लोकशाहीची हानी होऊ शकते.