डब्यावरचं नाव

माणसाची पिशवी उलटी करा, माणूस कळेल, असं हल्ली कुणीही ठणकावून सांगतं. मुलाखती घेणारे काही जण तर बूट आणि पेन बघूनच निम्मा निकाल लावून मोकळे होतात.

या मताला आधारच नाही असं नाही. सॅम गॉसलिंग आणि सहकाऱ्यांनी २००२ साली छापलेल्या अभ्यासात ९४ कचेऱ्या आणि ८३ झोपायच्या खोल्या अनोळखी निरीक्षकांना दाखवल्या होत्या. तिथे राहणाऱ्याला नव्या कल्पनांची किती ओढ आहे, हे त्यांनी बऱ्यापैकी ओळखलं. तो मायाळू की तिरसट, हे मात्र फारसं जमलं नाही. पूर्वपक्षवाले यातलं पहिलं सांगतात आणि दुसरं गिळतात.

त्यांचा लाडका साक्षीदार शेरलॉक होम्स. ‘द साइन ऑफ फोर’मध्ये तो वॉटसनच्या घड्याळावरून, म्हणजे किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे आणि गहाणवाल्यांनी आत कोरलेले आकडे बघून, मालक दारुडा आणि कफल्लक होता हे सांगतो. आपण थक्क होतो. पण घड्याळ वॉटसनच्या खिशात आणि हकिकत त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची! खुद्द वॉटसनबद्दल त्या ओरखड्यांत अवाक्षर नाही. शिवाय ओरखडे पाडणारा आणि ते वाचणारा एकच, लेखक कॉनन डॉईल. अंदाज चुकेल कसा?

वापराच्या खुणा तरी खोटं बोलत नाहीत, असा यावर आक्षेप येईल. मान्य. पण त्या वापर सांगतात, कारण सांगत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या तुरुंगात गांधींनी स्वतः शिवलेल्या चपला १९१४ साली, तो देश सोडताना, जनरल स्मट्सना भेट दिल्या. गांधींना तुरुंगात टाकणाऱ्या सरकारातले मंत्री हेच स्मट्स. स्मट्सनी त्या अनेक उन्हाळे घातल्या आणि १९३९ मध्ये गांधींच्या सत्तरीला परत पाठवल्या. मधल्या काळात कुणा चतुर पाहुण्यानं त्या दाराशी बघितल्या असत्या, तर साध्या राहणीचा, शेतीत रमणारा गृहस्थ असा निष्कर्ष काढला असता. तो अगदीच चुकीचाही ठरला नसता. पण त्या चपलांत जी खरी गोष्ट होती, ती दोन विरोधकांमधली होती. एकट्या स्मट्सच्या स्वभावात ती शोधून सापडली नसती.

आपल्याकडे हे कळायला इतकं लांब जायला नको. लग्नामुंजीत आलेल्या स्टीलच्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं ते देणाऱ्याचं. आमच्या फडताळात निम्मी भांडी अशा माणसांच्या नावाची आहेत, ज्यांचं नातं आता आईलाही आठवत नाही. मी ऑफिसला नेतो त्या डब्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं ‘यांजकडून सप्रेम भेट’ आहे. ‘यांजकडून’च्या आधीचं आडनाव आमचं नाही. नव्या सहकाऱ्यानं तेवढंच वाचलं आणि महिनाभर मला त्या आडनावानं हाक मारली. एवढ्यावर थांबला असता तर हसून सोडलं असतं. पण आडनावावरून त्यानं माझी जात ठरवली, जातीवरून खाणं ठरवलं आणि सुकट आणली त्या दिवशी, माझी अडचण नको म्हणून, डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. माझ्या डब्यात त्या दिवशी बोंबलाचं कालवण होतं.