पेव ते पिशवी : कोंडलेल्या हवेचा इतिहास

१/ नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर आज केळीसाठी ओळखले जाते. निर्यातीची केळी खोक्यात भरताना प्लॅस्टिकच्या पिशवीतील हवा यंत्राने ओढून घेतात आणि मग तिचे तोंड बांधतात. स्वयंपाकघरांत येऊ लागलेला व्हॅक्यूम सीलर हे त्याच यंत्राचे धाकटे भावंड. मात्र हवा रोखून अन्न राखण्याची युक्ती मराठवाड्याला नवी नाही. ज्वारीच्या या मुलखाने ती पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली वापरली. तिचे नाव पेव.

२/ पेव म्हणजे धान्यासाठी खोदलेला खोल खड्डा. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र रुंद. जागा गावठाणातील पांढरीची, उंचवट्यावरची. कारण काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भेगेतून पाणी व हवा दोन्ही शिरतात. आत जाळ करून पेव वाळवत, लिंपून घेत, तळाला व कडेला कडब्याचा थर देत. ज्वारी भरली की तोंडावर फरशी आणि वर माती.

३/ ही कला किती जुनी? पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या कालखंडातील त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत धान्य साठवण्याचे खड्डे सापडले. गावप्रमुखाचे मानले जाणारे पाच खोल्यांचे घर आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठारही आढळले. साठा आणि सत्ता यांची सोबत तेव्हापासूनची आहे.

४/ पेवात हवा उपसणारा पंप नव्हता. ते काम धान्यच करी. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बंद पेवात दाणे, कीड आणि बुरशी श्वसन करीत तो संपवत जातात व कर्बवायू वाढत जातो. प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर आला की कीड गुदमरून मरते. धान्य खायला आलेली कीडच आपला शेवट घडवून आणते.

५/ पण जो वायू किडीला मारतो, तो माणसालाही सोडत नाही. नुकत्याच उघडलेल्या पेवात घाईने उतरणे म्हणजे मरणाला आमंत्रण. म्हणून तोंड उघडून पेव काही काळ मोकळे ठेवत आणि आधी जळता कंदील खाली सोडत. ज्योत विझली तर कोणी उतरायचे नाही. पेव बंद करण्याइतकेच ते उघडण्याचेही शास्त्र होते.

६/ युरोपात ओटो फॉन गेरिके याने १६५० च्या सुमारास हवा उपसणारा पंप तयार केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात निर्यात थांबली तेव्हा अर्जेंटिनाने अतिरिक्त धान्य भूमिगत हवाबंद कोठारांत ठेवले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तीन थरांची हवाबंद पिशवी विकसित झाली. तिच्यातही पंप नाही. ती म्हणजे उचलून नेता येणारे पेवच.

७/ कंदिलाचा धडा यंत्रालाही लागू आहे. १८९५ मध्ये बेल्जियममधील एलेझेल गावी खारवलेले मांस खाऊन वादकांचे एक पथक आजारी पडले, तिघे दगावले. एमिल फान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्यामागचा जिवाणू शोधला. तो प्राणवायूविना वाढतो आणि घातक विष तयार करतो. याचा अर्थ, हवा काढली म्हणून ओले अन्न सुरक्षित होत नाही.

८/ म्हणून पेवाचा पहिला नियम पिशवीलाही लागतो : आत जाईल ते कोरडे हवे. खडखडीत वाळलेली डाळ, शेंगदाणे, मसाले, पावसाळ्यात दमट होणारी कागदपत्रे यांना सीलर उपकारक ठरतो. शिजवलेले अन्न किंवा मांस सील केले, तरी त्याची जागा फ्रीजमध्येच. सोललेला लसूण बंद करून बाहेर ठेवू नये.

९/ पुढे रेशनचे धान्य आले, ज्वारीच्या शेतांत सोयाबीन आले, घरात वर्षानुवर्षांचा साठा राहिला नाही. पेवे बुजली, उरला तो वाक्प्रचार. शिकवण्यांचे पेव फुटले, असे आज सहज म्हटले जाते. पण त्या शब्दामागे एके काळी जमिनीतून बाहेर पडणारी ज्वारीची रास होती.

१०/ तरीही लोकस्मृतीने पेव भरणाऱ्यांची नावे जपली नाहीत. परंपरेने आठवण ठेवली ती मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. बीदरच्या सुलतानाचे हे अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, असे कथा सांगते. कोठार कसे बंद करावे हे पुष्कळांना ठाऊक होते. ते कधी उघडावे, हे जाणणारा संतांच्या मालिकेत जाऊन बसला.