बूस्ट कोणाच्या हातात?

वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याला पोचलं की टर्बोचं कौतुक वाटतंच. मग आमच्या मित्रमंडळीत ठरलेला वाद सुरू: बूस्ट मॅन्युअल कंट्रोलरने वाढवावा की इलेक्ट्रॉनिक? वाद नवीन वाटतो, पण ऐंशी वर्षं जुना आहे!

थोडी उजळणी. एक्झॉस्टच्या वायूंवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची, या कल्पनेचं पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांचं, १९०५ सालचं. हवा वाढली की एक्झॉस्ट वाढतो, एक्झॉस्ट वाढला की चक्र आणखी पळतं... म्हणजे बाहेर पडायची कंडिशनच नसलेला लूप! ती कंडिशन म्हणजे वेस्टगेट, जादा वायू परस्पर बाहेर सोडणारी झडप.

आता ही झडप उघडायची कोणी? दुसऱ्या महायुद्धातल्या बी-१७ बॉम्बरमध्ये आधी चार लिव्हर होते, प्रत्येक इंजिनाला एक. रेग्युलेटर चालायचा ऑइलवर, आणि उंचावरच्या थंडीत ऑइल घट्ट झालं की त्याचा काही भरवसा नसायचा. नंतरच्या विमानांत हनीवेलचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आला. पायलटसमोर चार लिव्हरऐवजी फक्त एक बटण, आकडा लावला की काम झालं.

गाड्यांमध्ये मात्र बरीच वर्षं स्प्रिंगचंच राज्य होतं. ठरावीक दाब झाला की स्प्रिंग दबते, झडप उघडते. मॅन्युअल कंट्रोलर करतो काय, तर स्प्रिंगपर्यंत जाणाऱ्या नळीतला थोडा दाब मधेच सोडून देतो. थोडक्यात, स्प्रिंगशी खोटं बोलतो. स्वस्त, साधं, बिघडायला फारसं काही नाही. पण पेट्रोल कसं आहे, इंजिन किती तापलंय, याचा त्याला पत्ताच नसतो.

साबने १९८२च्या मॉडेलांत इथेच बाजी मारली. इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवला. इंजिन ठोकायला लागलं की कंट्रोल युनिट बूस्ट उतरवणार, चांगलं पेट्रोल मिळालं की वाढवणार. इलेक्ट्रॉनिक्सने नुसती ताकद दिली नाही, इंजिनाचं ऐकणारा कान दिला!

डिझेलचं गणित वेगळं. तिथे हा नॉकचा प्रश्न नाही, पण डिझेल न वाढवता नुसती हवा कोंबून फारसं हाती लागत नाही. उलट टर्बो मर्यादेबाहेर पळतो. आणि आजच्या गाडीत मॅन्युअल कंट्रोलर बसवलात तर सेन्सरला जादा दाब दिसतो आणि कंप्युटर थेट ताकद कापतो.

माझं मत विचाराल, तर रेस ट्रॅकवर, गेजवर डोळा ठेवून, मॅन्युअल जरूर वापरा. पण मे महिन्यात, पाच माणसं आणि सामान भरून घाट चढायचा असेल, तर फीडबॅक नसलेला कोड मी प्रॉडक्शनला टाकणार नाही. पिस्टनला भोक पडलं की रोलबॅक नसतो!