अब्राहामाचे तीन वारस

अलिबाग, पेण, रोहे या बाजूच्या गावांतून पूर्वी ‘शनवार तेली’ म्हणून एक जमात ओळखली जाई. घाणा चालवावा, तेल विकावे, घरीदारी मराठी बोलावे. परंतु शनिवार उजाडला की घाणा बंद. शेजाऱ्यांना या सुटीचे कारण ठाऊक नव्हते, पण तिच्यावरून त्यांनी नाव मात्र पाडले. हे लोक म्हणजे बेने इस्राएल. नवगावनजीक आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ हरवले, हिब्रू भाषा विसरली गेली. तरी शनिवार, सुंता आणि ‘शेमा’ ही एकेश्वराची प्रार्थना एवढे टिकले. धर्माची मुळे किती खोल जातात हे पाहण्यासाठी आपल्याला जेरुसलेमपर्यंत जावयास नको, ते कोकणातही दिसते.

त्या शनिवारापासूनच आजच्या विषयाला प्रारंभ करू. मुसलमानांचा शुक्रवार, ज्यूंचा शनिवार आणि ख्रिस्ती लोकांचा रविवार हे तीन वार एकाला एक लागून आहेत. वार तीन, परंतु पूर्वज एक. ज्याला ज्यू व ख्रिस्ती अब्राहाम म्हणतात आणि मुसलमान इब्राहीम, त्या पुरुषाला तिन्ही धर्म आपला मूळपुरुष मानतात. मग ज्यांचा ईश्वर एक आणि पूर्वजही एक, त्यांच्यात वाद कशाचा?

प्रथम थोरल्या घराकडे वळू. अब्राहामाचा काळ इतिहासाच्या साधनांनी ठरविता येत नाही. ‘इस्राएल’ या लोकांचा बायबलबाहेरील पहिला उल्लेख मेर्नेप्ताह या मिसरी राजाच्या शिलालेखात सापडतो. तो सुमारे इ. स. पूर्व १२०८ चा आहे. या लोकांच्या श्रद्धेचे मर्म ‘करार’ या एका शब्दात आहे. ईश्वराने आपल्याला निवडले आणि मोशेच्या हाती नियमशास्त्र दिले. ते आपण पाळावयाचे, असा हा करार. त्याची खरी कसोटी इ. स. पूर्व ५८६ मध्ये लागली. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने जेरुसलेमचे मंदिर जाळले आणि लोकांना धरून नेले. त्या काळी राष्ट्र हरले की त्याचा देवही हरला असे सामान्यतः समजत. ज्यूंच्या संदेष्ट्यांनी उलट सांगितले: देव हरला नाही, करार मोडल्याबद्दल त्यानेच आपल्याला शिक्षा केली. हा विचार आमच्या मते धर्माच्या इतिहासातील एक फार मोठी घटना आहे. पराभवातून देव नाहीसा होण्याऐवजी तो सर्व जगाचा झाला. पुढे इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने दुसरे मंदिरही पाडले. बळी देण्याची वेदी गेली, तेव्हा ग्रंथाचे अध्ययन, प्रार्थना आणि आचार हेच मंदिर झाले.

ख्रिस्ती धर्म याच घरात जन्मला. येशू ज्यू होता, त्याचे पहिले शिष्य ज्यू होते. पोंतियस पिलात हा रोमन अधिकारी इ. स. २६ ते ३६ या काळात यहुदियाचा कारभार पाहत होता. त्याच्याच आज्ञेने येशूला क्रूसावर चढविण्यात आले. तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, तो पुन्हा उठला ही शिष्यांची श्रद्धा. म्हणून रविवार पवित्र ठरला. परंतु घर वेगळे होण्याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते. ज्यूंव्यतिरिक्त जे लोक येशूच्या मागे येतील त्यांनी सुंता करावी काय, मोशेचे सर्व नियम पाळावेत काय? सुमारे इ. स. ४९ मध्ये जेरुसलेम येथे यावर विचार झाला आणि पौलाच्या बाजूने, म्हणजे सुंतेची सक्ती नको, असा निर्णय झाला. त्यासरशी एका लोकसमूहाचा करार साऱ्या जगाला खुला झाला. पुढे इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मपरिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरविले. आदामाच्या पापाने डागाळलेला मनुष्य स्वतःच्या आचाराने तरत नाही. ईश्वरानेच मनुष्य होऊन त्याच्यासाठी मरण सोसले, हे ख्रिस्ती श्रद्धेचे हृदय आहे.

तिसरे घर अरबस्तानात उभे राहिले. मुहंमद पैगंबरांचा जन्म मक्केत सुमारे इ. स. ५७० मध्ये झाला. इ. स. ६१० च्या सुमारास त्यांना ईश्वरी संदेश येऊ लागले, इ. स. ६२२ मध्ये ते मदिनेस गेले आणि इ. स. ६३२ मध्ये वारले. आपण नवा धर्म काढला असे त्यांनी म्हटले नाही. इब्राहीमचा मूळ धर्मच शुद्ध स्वरूपात पुन्हा सांगितला जात आहे, असे कुराणाचे म्हणणे आहे. मूसा पैगंबर, ईसाही पैगंबर. ईसाची माता मरियम हिच्या नावाचा एक अध्यायच कुराणात आहे. मात्र ईसा हा ईश्वराचा पुत्र नव्हे आणि तो क्रूसावर मेला नाही, हेही कुराण तितक्याच निक्षून सांगते. प्रारंभी मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत; मदिनेत आल्यावर दुसऱ्या वर्षाच्या सुमारास ते मक्केकडे वळले. शुक्रवारही शनिवारासारखा विश्रांतीचा वार नव्हे. नमाज संपताच कामधंद्यास लागावे, असे कुराणच सांगते. कारण सृष्टी निर्माण करून ईश्वराला शीण आला नाही.

हा फरक एका कथेत स्पष्ट दिसतो. ईश्वराने अब्राहामाकडे त्याचा मुलगा मागितला. त्याने सुरी उचलली, तोच ईश्वराने हात थांबवून मुलगा वाचविला. बायबलात तो मुलगा इसहाक. ज्यू लोक नववर्षाच्या सणात ही कथा वाचतात आणि मेंढ्याचे शिंग फुंकतात. त्यांच्या दृष्टीने ती करारावरील निष्ठेची कथा आहे. ख्रिस्ती माणसाला तीत पुढच्या क्रूसाची छाया दिसते: येथे पुत्र वाचला, तेथे पित्याने स्वतःचा पुत्र दिला. कुराणात मुलाचे नाव नाही. आरंभीच्या टीकाकारांत त्याविषयी मतभेद होता, आणि तबरीसारख्या विद्वानाने इसहाकाचाच पक्ष घेतला. पुढे इस्माईल हे मत रूढ झाले आणि बकरी ईद त्याच प्रसंगाची आठवण ठरली. येथे बाप व मुलगा दोघेही ईश्वराच्या इच्छेस शरण जातात. आणि ‘इस्लाम’ या शब्दाचा अर्थच शरणागती असा आहे.

आपल्याकडे भाऊबंदकी परक्याशी होत नाही. ज्याच्याशी वाटणी नाही त्याच्याशी दावा कसला? वारशावर तिघांचाही हक्क असल्यामुळेच या धर्मांतील भांडण इतके कडवट झाले. इ. स. १०९९ मध्ये जेरुसलेम घेतल्यावर क्रूसेडच्या योद्ध्यांनी मुसलमान व ज्यू दोघांचीही कत्तल केली. परंतु दोष एकाच घराचा नव्हे. बाराव्या शतकात मायमोनिडीस या थोर ज्यू तत्त्वज्ञाच्या कुटुंबाला अल्मोहाद या मुसलमान राज्यकर्त्यांच्या छळामुळे कोर्दोवा सोडावे लागले. आणि तोच मायमोनिडीस पुढे कैरोत सुलतान सलाउद्दीनच्या वजिराचा वैद्य झाला. इ. स. १४९२ मध्ये स्पेनच्या ख्रिस्ती राजाराणीने ज्यूंना हद्दपार केले, तेव्हा तुर्की सुलतानाने त्यांना आश्रय दिला. छळ आणि आश्रय या दोहोंचीही उदाहरणे त्याच ग्रंथांना मानणाऱ्यांनी घालून दिली आहेत. तेव्हा भांडण ग्रंथात लिहिलेले अटळ भविष्य आहे, असे म्हणण्यास इतिहासाचा आधार नाही.

हे तिन्ही धर्म एकच आहेत असे गोड बोलणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. करार, क्रूस आणि शरणागती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि श्रद्धावंताला त्यांतील भेद प्राणापलीकडचा वाटतो. तो भेद नीट समजून घेणे हाच त्याचा खरा आदर आहे असे आम्हांस वाटते.

शनवार तेल्यांपैकी बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर हळूहळू इस्रायलला गेली. जाताना त्यांनी मराठी भाषाही बरोबर नेली. ज्या गावकऱ्यांना त्यांच्या शनिवाराचा अर्थ कळत नव्हता, त्यांनी त्या दिवशी घाणा चालविण्याची सक्ती कधी केली नाही. ज्याचा अर्थ आपल्याला कळत नाही तेही शेजाऱ्याला पाळू द्यावे, हे त्या साध्या माणसांना जमले. आपण तर आज तो अर्थही जाणून घेतला आहे. आपल्याला ते अधिक जमावयास हवे.