तळ्याकाठचे शहर, माळावरची घरे

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा इतिहास वर्गात शिकवायचा म्हटले की निजामशाही आणि आदिलशाही यांचे भांडण हमखास येते. १५२४ साली आदिलशाही घराण्यातील मरियम आणि बुऱ्हाण निजामशहा यांचा निकाह सोलापुरातच झाला. हुंड्यात हा किल्ला द्यायचे ठरले, तो दिला गेला नाही आणि त्यावरून लढाया झाल्या. पुढे चाँदबिबी निजामशाहीतून विजापूरला सून म्हणून गेली तेव्हा सोलापूर हुंड्यात गेले. मुलांना हा भाग आवडतो. पण किल्ल्याला बिलगून जे तळे आहे, त्याच्या पाण्याचे काय, हे ना पाठ्यपुस्तकात येते ना आमच्या वहीत. किल्ले कोणी घेतले हे इतिहासाने तारखांसह लिहून ठेवले. पाण्याच्या काठावर कोणाला राहता आले आणि कोणाला दूर जावे लागले, हे मात्र गोळा करावे लागते. या लेखात आम्ही तेच करू पाहतो आहोत.

तळे किल्ल्याहून जुने. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी आपल्या अनुयायांसह ते खोदले, अशी परंपरा आहे. म्हणजे या शहराचे मूळच श्रमाने काढलेल्या पाण्यात आहे. मुस्लिम वाचकाला यात परके काही वाटू नये. मदिनेतील रूमा विहिरीचा किस्सा आमच्या घराघरांत सांगितला जातो. मालक पाण्याचे पैसे घेत असे. हजरत उस्मान यांनी ती विहीर विकत घेतली आणि सर्वांसाठी वक्फ केली. पाणी काढणे, पाणी मोकळे करणे हे पुण्याचे काम, सवाबचे काम, हा विचार दोन्हीकडे आहे. बहमनी काळात किल्ला उभा राहिला तेव्हा खंदक आणि तळे मिळून त्याचे संरक्षण झाले. लोकांचे पाणी लष्कराचेही झाले.

इंग्रजांनी १८१८ मध्ये सोलापूर घेतले. नगरपालिका १८५२ साली आली, त्यानंतर आठच वर्षांत रेल्वे आली आणि शहराला पाणी कमी पडू लागले. सोलापूर हा पूर्वीपासूनचा दुष्काळी मुलूख. शहराच्या ईशान्येला अदिला नदी अडवून एकरुखचा तलाव बांधला गेला, तो १८७१ मध्ये पुरा झाला. त्या वेळी मुंबई इलाख्यातला तो सर्वांत मोठा कृत्रिम जलाशय मानला जाई. आपले लोक त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. पुढे त्याचे पाणी शहरालाही मिळू लागले. १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, तिलाच लोक ‘जुनी गिरणी’ म्हणत आले. तिच्यामागोमाग इतर गिरण्या आल्या. हातमागावर बसणारे साळी, कोष्टी, पद्मशाली, मोमीन, त्यांच्याबरोबर दुष्काळाने गाव सोडलेले मराठवाड्यातले, कर्नाटकातले, तेलंगणातले लोक या शहरात आले. गिरणीचा भोंगा झाला की उठायचे आणि भोंगा झाला की परतायचे. भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावरच घर हवे, हा त्या काळचा गृहनिर्माणाचा एकमेव नियम. चाळीत एका खोलीत दोन-दोन कुटुंबे, मोरी सामाईक, नळ सामाईक.

कोणी कोठे राहावे, हे दुसऱ्यानेच ठरवल्याचे सर्वांत कठोर उदाहरणही याच शहरात आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली विसाव्या शतकाच्या आरंभी येथे सेटलमेंट वसवण्यात आली. तारेच्या कुंपणात माणसे ठेवली, हजेरी लावून त्यांना गिरणीत कामाला धाडले. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वस्तीचे सेटलमेंट हे नाव अजून पुसलेले नाही.

या कामगारांच्या शहराने १९३० साली काय केले, ते वेगळे सांगायला नको. मे महिन्यात गोळीबार झाला, मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी दिले गेले. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवत आणि गिरणी कामगारांत त्यांची ऊठबस होती. आज किल्ल्याजवळ हुतात्मा बाग आहे. शहरातली मोठी हिरवळ अशा रीतीने कामगारांच्या पुढाऱ्यांच्या नावे झाली. त्या कामगारांची नातवंडे तिथवर चालत जाऊ शकतात का, हा आमचा प्रश्न आहे.

विसावे शतक संपता संपता गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पुरुषांचा पगार गेला आणि घर चालवणे विडीवर आले. सोलापुरात विडी वळणाऱ्या बहुतेक बाया आहेत. तेलुगू भाषक आहेत, आमच्या मोहल्ल्यांतल्याही आहेत. विडी घरात वळली जाते, त्यामुळे कारखाना म्हणजे घरच. तेंदूची पाने भिजवायची, ओलसर झाली की कात्रीने कापायची, सुपात तंबाखू घेऊन वळायचे. ज्या खोलीत तंबाखूची धूळ उडते त्याच खोलीत भाकरी थापली जाते आणि पाळणा टांगलेला असतो. खराब ठरलेल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. दहा बाय दहाच्या झोपडीत खिडकी असणे वा नसणे हा अशा बाईच्या फुप्फुसाचा प्रश्न आहे. पाने भिजवायला पाणी लागते, आणि उजनीचे धरण १९८० मध्ये भरले तरी या शहराने वर्षानुवर्षे चार-चार दिवसांआड नळ पाहिला. पर्यावरणाचा न्याय हा शब्द परिषदांतून येतो. आमच्या गल्लीत तो घागरीने मोजला जातो.

या बायांनी घर मागितले. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली लाल बावट्याच्या संघटनेने ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आणि शहराबाहेर कुंभारीच्या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची वसाहत उभी राहिली. केंद्राचे अनुदान, राज्याचे अनुदान आणि बाईचा स्वतःचा हिस्सा, असा हिशेब होता. दहा हजारांवर घरे झाली. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती देण्यात आली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तिथेच रे नगर आले. यंत्रमागावर काम करणारे, शिवणकाम करणारे, कचरा वेचणारे, बांधकामावरचे अशा सर्वांसाठी तीस हजार घरांची ही योजना. २०१९ च्या जानेवारीत तिची पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पहिली पंधरा हजार घरे सुपूर्द केली. ज्यांच्या नावावर सात पिढ्यांत वीट नव्हती, त्यांच्या हातात किल्ली आली. हे लहान काम नव्हे. राजकारण कोणतेही असो, त्याला सलाम करायलाच हवा.

पण ही घरे माळावर का झाली? शहरात जमीन परवडत नाही म्हणून. आणि शहरात जमीन का परवडत नाही? तिथे रस्ता, तळे, बाग, बाजार, दवाखाना आहे म्हणून. म्हणजे ज्या गोष्टींमुळे शहर राहण्यासारखे होते, त्यांची किंमतच गरिबाला शहराबाहेर ढकलते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव आले. निवडलेला भाग किल्ला आणि सिद्धेश्वर तलावाच्या आसपासचा, शहराच्या मध्याचा होता. तळे स्वच्छ व्हावे, काठावर झाडे लागावीत, याला कोणाचा विरोध असेल? तिथे कोणाची वस्ती उठवली, असेही आम्ही म्हणत नाही. आमचा मुद्दा साधा आहे. पैसा काठावर लागला आणि माणसे दहा-बारा किलोमीटर दूर गेली. दोन्ही योजना वेगवेगळ्या फायलींत राहिल्या, त्यामुळे त्यांचा एकत्र हिशेब कोणी मांडला नाही.

अहमदाबादेत तो हिशेब न्यायालयात मांडावा लागला. तिथेही कापडगिरण्या बंद पडलेल्या आणि साबरमतीच्या पात्राकाठी कामगारांच्या, त्यातही मुसलमान आणि दलितांच्या वस्त्या. नदीकाठ विकासासाठी १९९७ साली कंपनी स्थापन झाली, २००५ मध्ये काम सुरू झाले आणि २०१२ मध्ये फिरायचा रस्ता खुला झाला. उठवल्या जाणाऱ्यांनी साबरमती नागरिक अधिकार मंच काढून उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यामुळे अनेकांना घरे मिळाली, पण ती वटवासारख्या शहराच्या टोकाच्या भागांत. कामाला जायचे भाडे मजुरीतून वजा झाले. दहा हजारांहून अधिक कुटुंबे हलली आणि तिथे काठावर आता बागा आहेत.

मुंबईने निदान कागदावर वेगळा मार्ग धरला होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते. एक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. म्हणजे बाग आणि घर एकाच जमिनीवर, एकाच नियमात. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हरकत घेणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पुढचे मनोरे सगळ्यांनी पाहिले आहेत. पण तीन वाट्यांची ती कल्पना सोलापूरला अजूनही उपयोगाची आहे. शहराच्या मध्यात जी मोठी जमीन यापुढे नव्याने विकसित होईल, तिच्यात विडीवालीच्या घराचा वाटा किती, हे बागेचा आराखडा काढतानाच ठरवता येईल.

अंतराची किंमत आम्हा शिक्षकांना हजेरीपटावर दिसते. कुटुंब माळावर हलले की आधी मुलगा उशिरा येऊ लागतो, मग आठवड्यातून तीनच दिवस येतो, मग दाखला मागायला आई येते. ‘सर, घर पक्कं मिळालं, पण रिक्षाचं परवडंना,’ असे ती सांगते. जवळ उर्दू माध्यमाची शाळा नसेल तर मुलगा निदान दुसऱ्या माध्यमात जातो, मुलगी पुष्कळदा सुपापुढे बसते. घर मिळाल्याचा तिला आनंद असतोच. दाखल्यावर सही करताना आम्ही नवा पत्ता विचारतो आणि ती इमारतीचा नंबर अगदी अभिमानाने सांगते.